शेवटचा भाव बोला, आप्पाजी!

आमच्या दुकानातून वस्तू जाते, बिल जातं, वॉरंटी कार्ड जातं. मागे उरतो तो भाव करतानाचा किस्सा. सतरा वर्षांत इतके साचलेत, की माळ्यावर नव्या मालासाठी जागा करावी लागते तशी डोक्यात यांच्यासाठी करावी लागते. म्हटलं, आज थोडे तुमच्याकडे ठेवून द्यावेत!

दुकान यवतमाळकडच्या नेर गावात, बसस्टँडपासून पायी पाच मिनिटांवर. पंखे, कूलर, मिक्सर, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन. ते सुरू केलं माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामाजी म्हणते, बाकी गाव आप्पाजी म्हणतं. आमचे हे बाहेरची कामं बघतात, फिटिंग, रिपेअरिंग, सगळं. काउंटरला मामाजी आणि मी.

मी फुलसावंगीची. बी.कॉम. करून लग्न होऊन आले, तेव्हा भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग यायचा. वाटायचं, आपल्यावर विश्वासच नाही यांचा! एकदा मी फणकाऱ्यानं तसं बोलले, तर मामाजी म्हणाले, "उलटं हाये वर्षा. ज्याले घ्यायचं नाई तो 'बरं, येतो' म्हणून निघून जाते. जो भाव करते, तो आपल्यापाशी बसून राह्यला. त्याचा मान ठेवत जाय."

मला काही ते पटलं नाही. मी काय केलं, ते आता सांगते.

*

मी एक पाटी रंगवून आणली. लाल अक्षरात, 'एकच भाव'. काउंटरच्या बरोब्बर वर लावली. मामाजींनी चष्मा वर करून वाचली आणि पुन्हा हिशोबाच्या वहीत डोकं घातलं.

दोन दिवस मोठे बरे गेले. लोक पाटी वाचायचे, किंमत विचारायचे, गप्प व्हायचे. तिसऱ्या दिवशी जवळच्याच खेड्यातली एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, कूलर पाहिजे.

मी म्हटलं, "सहा हजार आठशे."

"पाच हजार देते."

मी मोठ्या रुबाबात वर बोट दाखवलं. "आजी, ती पाटी वाचा."

"मले वाचता येत नाई माय. काय लिव्हलं हाये?"

"एकच भाव!"

म्हातारी विचारात पडली. मग म्हणाली, "म्हंजे दोन भाव चालत नाई?"

"नाही."

"आता किती झाले? तुया एक, माया एक. दोन झाले न?"

"हो... झाले."

"मंग त्यातला एक काढा लागन. तू तुया काढ!"

मामाजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. शेवटी पाच हजार आठशेला कूलर गेला. आणि संध्याकाळी मामाजींनी स्वतः स्टुलावर चढून पाटी काढली. म्हणाले, "बाईनं पाटीतच चूक काढली. आता कोनत्या तोंडानं ठेवू?"

*

त्यानंतर मी भाव करायला शिकले. म्हणजे, मला वाटलं शिकले!

एक दिवस मामाजी जेवायला गेले होते. एक बाई धापा टाकत आत आली. चाळिशीची, खांद्याला पर्स, हातात दोन पिशव्या. "ताई, तो मिक्सर दाखवा. लवकर! दारव्ह्याची गाडी लागली हाये, सुटनच आता!"

मी मिक्सर काढला. "एकतीसशे."

"अवो ताई, गाडी सुटून राह्यली न! घोळ नोका घालू. शेवटचं काय ते सांगा."

आता गाडी सुटायची म्हटल्यावर मलाच घाई झाली. मी म्हटलं, "एकोणतीसशे."

तिनं बसस्टँडकडे पाहिलं. "हॉर्न वाजवला बापा त्यानं!"

"बरं, अठ्ठावीसशे!"

"कंडक्टर चढला असन आता."

"सव्वीसशे घ्या ताई, पण पळा!" मी बिल लिहून, खोका बांधून तिच्या हातात दिला. वरून म्हटलंसुद्धा, "गाडी भेटेल न तुम्हाला?"

संध्याकाळी भाजी आणायला गेले, तर तीच बाई आमच्या मागच्या गल्लीत, ओट्यावर बसून शेंगा सोलत होती! दोनच महिन्यांपूर्वी तिथं राहायला आलेली.

मी म्हटलं, "अवो, तुमची गाडी?"

तिनं शांतपणे शेंग सोलली. "गाडी सुटून राह्यली म्हणलं ताई. माई गाडी म्हणलं होतं का?"

आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. दिवाळीची खरेदी मी तिला सोबत घेतल्याशिवाय करत नाही.

*

बोलून भाव करणारे पुष्कळ. न बोलता करणारा मी एकच पाहिला.

झरी जामणीकडचे एक काका. आयुष्यभर जंगलात कामाला गेलेले. मुलगी नर्स झाली आणि तिला आमच्या नेरला नोकरी लागली. तिची खोली लावून द्यायला आले होते. उंच, काटक, डोक्याला पांढरं फडकं. मुलीनं टीव्ही पसंत केला आणि वडलांकडे पाहिलं.

मामाजी म्हणाले, "साडेतेरा हजार."

काका टीव्हीकडे बघत उभे. चेहऱ्यावर काही नाही.

मामाजींनी थोडी वाट पाहिली. "पोरगी दवाखान्यात लागली म्हंता? मंग तेरा धरू."

काका टीव्हीकडेच बघतायत.

"बरं, दुरून आले तुम्ही. बारा हजार आठशे."

काकांनी मान किंचित तिरपी केली आणि टीव्हीची मागची बाजू पाहिली. बस्स, इतकंच.

मामाजींना राहवेना. "स्टँड फ्री देतो. फिटिंग फ्री. बारा पाचशे!"

शांतता. दुकानातले पंखे तेवढे ऐकू येत होते. मी मामाजींना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. शेवटी ते कपाळ पुसत म्हणाले, "बारा हजार दोनशे. अवो काका, आता तरी काही बोला न!"

काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मी तं ऐकून राह्यलो जी. झालं का तुमचं, का अजून हाये?"

मामाजींनी हात जोडले. "झालं! आता नाई माह्यापाशी काही."

काकांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढले. निघताना मुलगी हसत हसत मला म्हणाली, "ताई, बाबाचा जनम जंगलात गेला न. तिथं आवाज केला का जनावर पळते!"

ते गेल्यावर मामाजींनी टीव्हीची रिकामी जागा फडक्यानं पुसली. मग म्हणाले, "वर्षा, जनावर म्हंजे मीच न?"

*

एक छोटासा सांगते, नाहीतर विसरून जाईन.

चौऱ्याऐंशी वर्षांचे एक आजोबा सीलिंग फॅन घ्यायला आले. काठी टेकत, पण आवाज खणखणीत. मामाजींनी दोन हजार सांगितले. आजोबा म्हणाले, लय होतात.

मामाजी म्हणाले, "अवो बुवा, पाच वर्षांची वॉरंटी हाये!"

"पाच वर्ष?" आजोबा हसले. "पाच वर्ष मले कोन ठेवते? दोन वर्षांची द्या, अन् तीन वर्षांचे पैसे कमी करा!"

मामाजींनी दीडशे कमी केले.

गंमत पुढेच आहे. तीन वर्षांनी तो फॅन बंद पडला. आजोबा तीच काठी टेकत दुकानात हजर. मामाजींना म्हणाले, "आप्पा, माया हिशोब चुकला. मी हाओ अजून! ते तीन वर्ष वापस आना."

कार्डावर वॉरंटी पाच वर्षांचीच होती, म्हणून फॅन फुकट दुरुस्त झाला. पण मामाजींनी त्यांच्याकडून घेतलेच! दीडशे रुपये नव्हेत, पेढे. म्हणाले, "आता हिशोब चुकल्याचे पेढे आना!" आजोबांनी खरंच पाव किलो पेढे आणून दिले.

*

आता आमच्या घरचाच.

माझी आई फुलसावंगीहून आली. माहेरी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं होतं. तिकडे महागावला, पुसदला दुकानं आहेत, पण लेकीचं दुकान सोडून दुसरीकडून कसं घ्यायचं? आणि लेकीच्या सासऱ्याच्या दुकानातून तरी कसं घ्यायचं? आई माझ्या खोलीत दोन तास हाच विचार करत बसली होती.

मामाजींनी काउंटरवर तिला खुर्ची दिली, चहा मागवला. मशीन दाखवलं आणि म्हणाले, "विहीणबाई, दुसऱ्याले बारा हजाराले देतो. तुमाले घरचा भाव. मी जेवढ्यात आनलं तेवढ्यात. दहा हजार आठशे. एक रुपया वर नोको."

माझा जीव भांड्यात पडला. पण आईनं चहाचा कप खाली ठेवला.

"घरचा भाव नोको."

"काहून?"

"मले गिऱ्हाइकाचा भाव सांगा. मी भाव करीन."

"अवो विहीणबाई, यापेक्षा कमी कोठी मिळते तुमाले?"

"कमी-जास्तीचं नाई म्हणून राह्यली मी." आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "आज तुमी घरच्या भावात देसान. तुमचं मन मोठं हाये. पन उद्या घरात भांड्याले भांडं लागलं, अन् कोनी माह्या पोरीले म्हणलं, का तुह्या मायनं मशीन फुकटात नेलं होतं, तं? मी भाव करूनच नेईन."

मामाजींचा चेहरा गंभीर झाला. खुर्चीतून उठले, काउंटरच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. सदऱ्याची कॉलर नीट केली. "बरं. बोला बाई. बारा हजार."

"नऊ."

मी बाई, पडद्यामागे जाऊन उभी राहिले! बघवेना आणि राहवेना. माझी आई, जिनं माझ्या लग्नात मामाजींसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नाही, ती मशीनवर हात आपटून म्हणत होती, "हा पत्रा पाहा, हा! याले बारा हजार?" आणि मामाजी म्हणत होते, "पत्रा नाई बाई, फायबर हाये! हात लावून पाहा!" आईनं ड्रम फिरवून पाहिला, नळी ओढून पाहिली, पुसदचा भाव सांगितला, महागावचा सांगितला. दोनदा पायरी उतरून गेली. दोनदा मामाजींनी हाक मारून वापस बोलावलं.

पाऊण तास! शेवटी सौदा झाला. आईनं नोटा मोजून दिल्या, पक्कं बिल घेतलं, माझ्या हातात दिलं. "हे ठेव तुह्यापाशी. जपून."

मी बिल पाहिलं. दहा हजार चारशे!

मामाजींच्याही तेव्हाच ध्यानात आलं. डोक्याला हात लावून म्हणाले, "विहीणबाई, तुमी घरचाच भाव घेतला असता, तं माह्ये चारशे वाचले असते!"

*

ऑनलाइनवाले आल्यापासून भाव करायला येणारे कमी झाले, असं लोक म्हणतात. आमच्या गुरुजींना विचारा!

गुरुजी म्हणजे एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. स्वच्छ शुद्ध बोलणारे. एकदा सकाळी आले आणि म्हणाले, "आप्पाजी, इस्त्री दाखवा." मग पहिल्यापासून शेवटपर्यंत रीतसर भाव केला. वायर किती फुटांची, तळ कशाचा, दोन इस्त्र्यांत फरक काय. मामाजीही रंगात आले. पंधराशेवरून सुरुवात, अकराशे पन्नासवर शेवट. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे माझे एकशे चाळीस रुपये जास्त गेले."

"कोठी गेले?"

"परवाच मोबाइलवरून मागवली. हीच, याच कंपनीची. बाराशे नव्वद. किती फसलो तेवढं पाहायला आलो होतो."

माझा संतापानं चेहरा लाल झाला. अर्धा तास घालवला या माणसानं! मामाजींनी मात्र चहा सांगितला. "बसा गुरुजी. मोबाइलवर भाव कसा केला तुमी?"

"तिथे कुठला भाव! बटण दाबायचं."

"कोनी काही बोललं नाई?"

"कोण बोलणार?"

"अरेरे," मामाजी म्हणाले. खरंच कळवळून म्हणाले हो!

गुरुजी चहा पिऊन गेले. सहाव्या दिवशी पुन्हा दारात. "ती परत पाठवून दिली. आप्पाजी, तोच भाव आहे ना?"

"तोच हाये गुरुजी. अकराशे पन्नास. वर्षा, पॅक कर."

"थांबा, थांबा!" गुरुजी खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "असं कसं पॅक कर? पंधराशेपासून सुरू करा!"

*

भाव फक्त दुकानदाराशीच होतो असं नाही. हे मला एका नवऱ्या मुलीनं शिकवलं.

लग्नाच्या आधीची खरेदी होती. मुलगी, तिचे वडील आणि होणारी सासू. वडील शाळेत शिपाई. साधा शर्ट, नीट इस्त्री केलेला. त्यांनी मुलीला फ्रीज द्यायचं कबूल केलं होतं. लहान एका दाराचा बघून ठेवला होता, मला आदल्या दिवशी भाव विचारून गेले होते. तेवढेच पैसे आणले असणार हे मला कळत होतं.

सासूबाई आल्या त्या थेट दोन दारांच्या मोठ्या फ्रीजपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "हा चांगला वाटते, नाई?"

वडील नुसते फ्रीजवरचा किमतीचा कागद वाचत राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामाजींनी मला डोळ्यांनी थांबवलं.

मुलगी पुढे झाली. वीस-बावीसची असेल, केसांत गजरा. तिनंही मोठ्या फ्रीजचं दार उघडलं. "हाव आई, लय सुंदर हाये! केवढी जागा हाये यात. चार दिवसांच्या भाज्या एकदाच करून ठेवता येतीन."

सासूबाई वळल्या. "चार दिवसांच्या?"

"हाव न. पोळ्यांची कणीकसुद्धा आठ दिवसांची राह्यते म्हंते. सकाळी काढलं, गरम केलं, झालं!"

"आमच्या घरी शिळं चालत नाई बाई. पोराच्या बाबाले तं दुपारची भाजी रात्री चालत नाई."

"अय्या, हाव का?" मुलीनं दार हळूच लावून टाकलं. "मंग मले रोजच ताजं करा लागन."

"करा लागन म्हंजे? करतोच आमी!"

"मंग आई, यात ठेवाचं काय?"

सासूबाईंनी मोठ्या फ्रीजकडे पाहिलं. मग लहानकडे पाहिलं. "दूध-दही राह्यलं म्हंजे झालं. लहानच बरा. जागाही कमी लागते."

वडलांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

मी बिल करायला बसले, तेव्हा सासूबाई टीव्ही बघत होत्या. मुलगी काउंटरवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, आता स्टॅबिलायझर फ्री द्या. तुमाले काय सांगू, किती मेहनत पडली मले!"

दिला. मामाजींनी स्वतःच्या हातानं खोक्यात ठेवून दिला.

*

शेवटचा सांगते.

शांताबाई आणि महादेवराव. शेतकरी जोडपं, तीन कोसांवरच्या गावातलं. आमच्याकडून त्यांनी पहिला पंखा नेला तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पद्धत ठरलेली. महादेवराव गाडी लावून बाहेर पायरीवर बसायचे आणि शांताबाई आत यायच्या. भाव त्या करायच्या. आणि काय करायच्या! त्यांना प्रत्येक वस्तूचा मागच्या हंगामाचा भाव पाठ. मामाजी म्हणायचे, "बाकीचे माह्यासंग भाव करतात. ही बाई माह्यासंग खेळते." सगळं ठरलं की त्या दारातून नुसतं "अवो!" म्हणायच्या. मग महादेवराव आत येऊन पैसे द्यायचे.

मागच्या वर्षी कळलं, शांताबाईंना झटका आला. यवतमाळला ऍडमिट होत्या. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा, येईल वाचा. पण चार महिने झाले, एक शब्द नाही. महादेवरावांनी एकदा बाजारात सांगितलं, "दिवसभर खिडकीतून पाह्यते. काही विचारलं तं मानसुद्धा हलवत नाई."

उन्हाळा लागला होता. सकाळी अकराच्या सुमारास दारात ऑटो थांबला. महादेवरावांनी आणि आमच्या यांनी मिळून शांताबाईंना उतरवलं आणि काउंटरसमोरच्या हाताच्या खुर्चीत बसवलं. मी त्यांना ओळखलंच नाही. निम्म्या झाल्या होत्या. नजर फरशीवर.

महादेवराव पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून आत उभे होते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. "आप्पाजी, हिच्या खाटेपाशी ठेवाले टेबलफॅन द्या. तुमी जे म्हनसान ते."

तो फॅन आम्ही अठराशेला द्यायचो. मी मामाजींच्या कानाशी म्हटलं, "मामाजी, आपल्याला पडला त्यातच देऊन टाका."

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी एक पाऊल मागे सरले.

त्यांनी फॅन काढून शांताबाईंच्या समोर ठेवला. महादेवरावांच्या नाही, शांताबाईंच्या. आणि मोठ्यानं म्हणाले, "चोवीसशे!"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. महादेवरावांनी मात्र मान डोलावली आणि खिशात हात घातला.

शांताबाईंची नजर फरशीवरून उठली. आधी फॅनवर गेली, मग मामाजींवर.

"असे काय पाहून राह्यल्या?" मामाजी म्हणाले. "चोवीसशे म्हणलं. माल पाहा न! कमी होनार नाई. महादेवराव, काढा पैसे."

महादेवरावांनी नोटा बाहेर काढल्या. तेवढ्यात शांताबाईंच्या डाव्या हातानं त्यांची बाही धरली. घट्ट. तोंड वाकडं झालं, ओठ हलायला लागले, गळ्याची शीर ताठ झाली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली.

"ना... ई."

महादेवरावांच्या हातातल्या नोटा तशाच राहिल्या.

मामाजींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाई कायले? बरं, तेवीसशे!"

"नाई."

"बावीसशे. आता शेवटचं. यापुढं एक शब्द नोको!"

शांताबाईंनी डाव्या हातानं खुर्चीचा हात ठोकला. एकदा, दोनदा. "पं... पंध..."

"काय? ऐकू नाई आलं मले."

"पंधराशे!"

मामाजींचा आवाज तसाच कडक. "पंधराशे? पंधराशेत कंपनीवाला मले देत नाई! एकवीसशे. घ्याचा असन तं घ्या!"

"पंध-रा-शे!" शांताबाई खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. गालांवर रंग आला होता आणि डोळ्यांत तो जुना राग. "मा... मांगच्या... साली..."

मला राहवलं नाही. मी पेन उचललं, बिलबुक ओढलं आणि पंधराशे लिहायला घेतले.

तेवढ्यात महादेवराव काउंटरला वळसा घालून मामाजींच्या मागे आले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मामाजींच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आप्पाजी, इतक्यात देऊ नोका. अजून थोडं ताना."